.315 स्पोर्टिंग रायफल : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर, 2016 च्या शस्त्र नियमांतील वारसाच्या तरतुदीनुसार, त्यांची .315 बोअरची रायफल जानेवारी 2024 मध्ये माझ्या परवान्यावर आली. आर्वी तालुक्यातील आमच्या गावात तिला सगळे ‘मिलिटरीची बंदूक’ म्हणतात, आणि ते निम्मे खरे आहे. लष्कराची .303 ली-एनफिल्ड आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये (सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या मापात) मोडत असल्याने परदेशी संग्राहकांप्रमाणे ती सहज विकत घेता येत नाही. परंतु आयुध निर्माणीची ही रायफल त्याच एनफिल्डच्या बोल्टवर (काडतूस आत सारून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) बेतलेली असून तिचे काडतूस मात्र ऑस्ट्रियाच्या 8 मिलिमीटर मॅनलिखर काडतुसाच्या वळणाचे आहे.

बोल्टबद्दल माझी तक्रार नाही. त्याची मूठ हलकी उचलते, कारण स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट पुढे रेटताना, आणि तेव्हा मात्र जोर लागतो. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे राहिली पाहिजे. पहिल्या दिवशी रेंजवर मी याकडे दुर्लक्ष केले आणि दुसरेच काडतूस अडकले.

खरा त्रास लाकडाने दिला. फेब्रुवारीत रेंजवर 50 मीटरवरचे पाचही बार तळहाताएवढ्या जागेत बसले होते. जूनमध्ये तीच रायफल, तीच काडतुसे, तरी बार वीतभर उजवीकडे जाऊ लागले. माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरण्याचा खुंट) हलली असावी असे समजून मी दोनदा ती तपासली. शेवटी एका जुन्या बंदूक-कारागिराने नळीखालच्या लाकडाचा स्क्रू फिरवून दाखवला, तर तो सैल निघाला. आमच्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि नळीवरचा त्याचा दाब बदलला की नेम बदलतो. आता प्रत्येक ऋतूच्या सुरुवातीला स्क्रू पाहिल्याशिवाय मी रेंजवर जात नाही. (शेतात रानडुकरे आहेत म्हणून तिथे बार काढून बघण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, परवाना कोणाच्या नावावर आहे, हे ते विसरतात.)

सफाईच्या बाबतीत मी थोडा कर्मठ आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत (बुडाशी असलेल्या, ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असे, आणि बार उडाल्यावर नळीत मागे राहणारा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. माझी काडतुसे नवी असली तरी मी आधी उकळते पाणी ओततो, नळी कोरडी करतो आणि मगच तेल लावतो.

एवढे करूनही गंज चढला तो घरी नव्हे. लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही आचारसंहितांत रायफल ठाण्यात जमा करावी लागली, आणि पहिल्या खेपेस ती परत मिळाली तेव्हा बोल्टच्या मुठीवर तांबूस ठिपके पडलेले होते. दुसऱ्या खेपेस मी नळीत आणि बोल्टवर जाड ग्रीस भरून, वर मेणकापड गुंडाळून ती दिली. हवालदारांनी ‘हे काय लोणचं घातलं का?’ असे विचारले. पण या वेळी ती जशी दिली होती तशीच परत आली.