सॅटकॉम टर्मिनल: मोडेमचा डबा घ्यावा की सर्व्हर?

युद्धनौकेवर सॅटकॉमसाठी, म्हणजे उपग्रहामार्फत संपर्कासाठी, उपग्रहांची तीन जाळी वापरायची तर रॅकमध्ये तीन मोडेम लागतात, आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. हे डबे काढून त्यांचं काम सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरला दिलं की झालं व्हर्च्युअल टर्मिनल. तिन्ही दलांनी मिळून एकच यंत्रणा वापरायची असेल तर ही कल्पना मोह पाडतेच. पण आधी थोडं गणित.

सॉफ्टवेअर मोडेमला अँटेनाकडून सिग्नलचे नमुने लागतात. ३६ मेगाहर्ट्झच्या एका ट्रान्सपाँडरसाठी (सिग्नल घेऊन परत पाठवणारा उपग्रहावरचा संच) सेकंदाला साडेचार कोटी नमुने, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे ७२० मेगाबिट. ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा उचलायचा तर १० गिगाबिट. त्यातून हाती येणारा खरा डेटा याचा लहानसा हिस्सा! किनाऱ्यावरच्या गेटवेत, म्हणजे जमिनीवरच्या मुख्य उपग्रह केंद्रात, फायबर आहे, तिथे हे चालून जातं. जीपमध्ये किंवा सैनिकाच्या पाठीवर मात्र मोडेम दहा-वीस वॅटमध्ये भागवतो आणि सर्व्हर शेकडो वॅट खातो. तिथे निदान आज तरी डबाच घ्या.

जॅमिंगपासून, म्हणजे शत्रूने मुद्दाम सिग्नल दाबण्यापासून, वाचायला वारंवारता सतत बदलावी लागते, आणि तिथे वेळ काटेकोर पाळावी लागते. साधी ऑपरेटिंग सिस्टिम मध्येच अडखळते, म्हणून सर्व्हरमध्येही एफपीजीए (हव्या त्या कामासाठी जुळवता येणारी चिप) कार्ड बसवावं लागतं. 'सगळं सॉफ्टवेअर' ही जाहिरात इथे जरा लंगडी पडते.

सॉफ्टवेअर अँटेना बदलत नाही, हे विक्रेता सहसा शेवटी सांगतो. एक्स बँडचा अपलिंक (उपग्रहाकडे जाणारा सिग्नल) ७.९ ते ८.४ गिगाहर्ट्झ, लष्करी केए बँडचा ३० ते ३१. फीड (डिशसमोरचा सिग्नल सोडणारा-टिपणारा भाग) आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगळे लागणारच. ३५,७८६ किलोमीटरवरचा भूस्थिर उपग्रह जमिनीवरून पाहता जागचा हलत नाही. ५५० किलोमीटरवरचा काही मिनिटांत क्षितिजाआड जातो, त्याच्यामागे डिश पळवायची किंवा इलेक्ट्रॉनिक अ‍ॅरे घ्यायचा. पैसा खरा इथे जातो.

सुरक्षेत दोन्ही बाजू आहेत. २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवरच्या आक्रमणाच्या दिवशी, सायबर हल्ल्यात केए-सॅट या इंटरनेट देणाऱ्या उपग्रहाच्या ग्राहकांच्या मोडेमची मेमरीच पुसली गेली आणि हजारो मोडेम बदलावे लागले. व्हर्च्युअल मोडेम असा बिघडला तर नवी प्रत चढवता येते. पण सामायिक सर्व्हरच शत्रूच्या हाती गेला तर तिन्ही दलं एकदमच मुकी होतात.

त्यामुळे गेटवे आणि मोठ्या जहाजांसाठी माझा कौल सर्व्हरला, तोही एका अटीवर. डिजिटल आयएफचं, म्हणजे अँटेनाकडून येणाऱ्या त्या नमुन्यांच्या देवाणघेवाणीचं, डीआयएफआय मानक आहेच, पण ते फक्त अँटेना आणि मोडेममधला धागा जुळवतं. वेव्हफॉर्म, म्हणजे डेटाचा सिग्नल बनवण्याची पद्धत, कंपनीच्याच मालकीचा राहतो. म्हणून करार करण्याआधी विक्रेत्याला सांगा: दुसऱ्या कंपनीचा वेव्हफॉर्म तुमच्या सर्व्हरवर, आमच्या अँटेनावरून चालवून दाखवा. आणि त्याच्या लायसन्सचा खर्च दर वर्षी किती, तेही लेखी द्या.