भाषावृक्षाचा तक्ता: कागद झकास, इराणी फांदी चुकलेली

५ पैकी ३ तारे

आमच्या अयोध्यानगरच्या अभ्यासिकेसाठी हा इंडो-युरोपीय भाषांचा भिंतीचा तक्ता ऑनलाइन मागवला. जाड नळीत आला, कोपरे शाबूत. मागून कापड लावलंय, म्हणून अख्खा मे महिना कूलरच्या ओल्या हवेत लटकूनही फुगला नाही. नावं देवनागरीत, शेवटच्या बाकावरूनही वाचता येतात.

पण इराणी फांदी! गिलकी आणि माझंदरानी चक्क फारसीच्या बोली म्हणून टांगल्यात. कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण काठच्या या भाषा वायव्य इराणी गटातल्या, फारसी नैर्ऋत्य गटातली. आता ही दिशांची नावं नकाशावर शोधू नका. बलुची आग्नेयेला बोलतात, तरी गटानं ती वायव्येचीच. वर्गीकरण ठरतं ध्वनींवरून. संस्कृतातल्या ‘जामातृ’चा (म्हणजे जावई) भाऊबंद शब्द फारसीत दामाद, वायव्य गटातल्या कुर्दीत झावा, गिलकीत झामा. म्हणजे या बाबतीत गिलकी कुर्दीच्या बाजूची. शिवाय गिलकी-माझंदरानीत विशेषण आपल्यासारखं नामाच्या आधी येतं, फारसीत सहसा नंतर. फारसीच्या शेजारात राहून शब्द भरमसाट घेतले हे खरं, पण तेवढ्यानं बोली होत असेल तर आमच्या आजीची वऱ्हाडीही हिंदीची बोली ठरायची. तिच्यासमोर म्हणून पाहायचं होतं कोणी!

दुसरी चूक बारीक आहे. टाटांच्या एम्प्रेस मिलमुळे नागपूरला पारशी जुने ओळखीचे, ते घरी गुजराती बोलतात. इराणातल्या यझ्द-केरमानकडच्या झरथुष्ट्री लोकांची ‘दरी’ नावाची भाषा मात्र वेगळीच, इराणच्या मध्य भागातल्या बोलींपैकी, तीही वायव्य गटातच धरतात. तक्त्यात ती काबूलच्या दरीत मिसळून टाकलीय. काबूलची दरी म्हणजे फारसीच की हो.

तालिशी आणि झाझाकी या वायव्य गटातल्या भाषा मात्र नेमक्या जागी आहेत. म्हणजे करणाऱ्याला विषय अगदीच परका नसावा.

विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं, ‘जागेअभावी काही भाषा एकत्र दाखवल्या आहेत.’ लॅटव्हियनशेजारी दोन हंस काढायला जागा होती बरं!

स्पर्धा परीक्षेच्या पोरांना चालेल. भाषाशास्त्राच्या एम.ए.साठी कृपया घेऊ नका.