घरपोच शुश्रूषा सेवा, कोथरूड : काम उत्तम, सुरक्षिततेची जबाबदारी कोणाचीच नाही

मणक्याच्या दुखापतीमुळे मला अंघोळ, शौच आणि खुर्चीत बसणे यांसाठी दुसऱ्याची मदत लागते. त्यासाठी कोथरूडमधील एका ब्युरोकडून मी दिवसपाळीच्या मावशी घेते. ब्युरोचे नाव देत नाही, कारण ही पद्धत एकट्या त्यांची नाही.

मावशींच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. कूस वेळेवर बदलणे, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवणे, यातले काहीच त्यांना सांगावे लागत नाही. शौचाला नेण्याचा त्रास वाचावा म्हणून पाणी कमी पाजणारी माणसे मी पाहिली आहेत. मावशी मात्र स्वतःहून पेला पुढे करतात.

अडचण बदलीच्या दिवशी आली. मला न विचारता पुरुष परिचारक पाठवला गेला, आणि मी नकार देताच कार्यालयातून उत्तर आले, "मॅडम, त्यांची पोलीस पडताळणी झालेली आहे." जिला स्वतः उठून दाराची कडीही लावता येत नाही, अशा बाईच्या अंगाला कोण हात लावणार, हे तिला विचारूनच ठरले पाहिजे; पडताळणीचा कागद तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

मावशींची बाजू याहून बिकट आहे. त्या जनता वसाहत या झोपडपट्टीतून येतात. आधीच्या एका घरी त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवत, आणि तिथल्याच एका नातेवाइकाने अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला. ब्युरोने त्यांचे कामाचे घर बदलून दिले आणि त्या आधीच्या घरी दुसरी बाई पाठवली. करारात चोरी झाल्यास काय करायचे ते सविस्तर आहे. मावशींशी गैरवर्तन झाल्यास काय, याविषयी एक ओळही नाही. वास्तविक लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने राहते घरही कामाचे ठिकाण मानले आहे आणि मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. दिव्यांग व्यक्तीवरील अत्याचाराची माहिती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कोणीही देऊ शकते. यातले काहीच ब्युरोने मला किंवा मावशींना सांगितले नव्हते.

शिवाय मला पलंगावरून खुर्चीत घेणे हे दोघींचे काम असताना ब्युरो एकटीलाच पाठवतो आणि सरकवण्याची फळीही देत नाही. मावशींची कंबर धरली, तर त्यांच्याबरोबर मीही खाली पडणार.

सेवा मी सुरू ठेवली आहे, ती मावशींसाठी. ब्युरोला पाचपैकी दोन गुण देते. बदलीपूर्वी माझी संमती आणि करारात मावशींच्या तक्रारीचे कलम, या दोन मागण्या लेखी दिल्या आहेत. फळी मी स्वतः करून घेतली.