रुग्णवाहिका की तुरुंग? १९१६ चे क्वेकर

पहिलं महायुद्ध चालू असताना, जानेवारी १९१६ मध्ये ब्रिटनने सक्तीची सैन्यभरती आणली. कायद्यात सदसद्विवेकाच्या आधारे सूट मागण्याची सोय होती, पण ती द्यायची की नाही हे स्थानिक ट्रिब्युनल (अर्ज तपासणारं न्यायमंडळ) ठरवायचं. क्वेकर हा युद्धाला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ. शस्त्र न धरणाऱ्या क्वेकर तरुणांपुढे तेव्हा मुख्यतः दोन वाटा होत्या.

पहिली, फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिटची, म्हणजे क्वेकरांच्या स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकाची. फिलिप नोएल-बेकर यांनी ते १९१४ मध्येच उभं केलं होतं. फ्रान्स-बेल्जियममध्ये जखमींना उचलायचं, रुग्णवाहिका आणि रुग्ण-रेल्वे चालवायच्या. जीव वाचतात, हात रिकामे राहत नाहीत. पण बरा झालेला शिपाई पुन्हा खंदकातच जातो, त्याचं काय?

हाच प्रश्न दुसऱ्या वाटेवरच्यांचा. त्यांना बिनशर्त सूट हवी होती. पर्यायी कामही नको, कारण तेही युद्धाच्याच गाड्याला हात लावणं. सूट नाकारली की लष्कराच्या ताब्यात, हुकूम मोडला की कोर्ट-मार्शल (लष्करी खटला) आणि तुरुंग. शिक्षा भोगून सुटलं की पुन्हा लष्कराच्या ताब्यात, पुन्हा हुकूम मोडणं, पुन्हा कोर्ट-मार्शल. फ्रान्सला नेलेल्या अशा ३५ जणांना तर मृत्युदंड सुनावला, मग तो १० वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला. त्यांत काही क्वेकरही होते. १९१८ च्या कायद्याने अशा अनेकांचा मताधिकारही ५ वर्षांसाठी काढला.

मला सर्वांत बोलका वाटतो तो कॉर्डर कॅचपूल. युनिटमध्ये जखमींची सेवा केली, सक्ती येताच राजीनामा दिला आणि दोन वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढला. सेवा तीच होती, फक्त आता ती सरकारच्या सक्तीचा भाग झाली होती.