जुळ्यांची बाबागाडी: शेजारी-शेजारी की मागे-पुढे?

बेळगावच्या शहापुरातील आमच्या घराच्या पुढच्या दाराला जुन्या पद्धतीच्या दोन फळ्या आहेत. एरवी एकच फळी उघडी असते आणि तेवढ्यातून सगळ्यांची ये-जा होते. दोन्ही फळ्या उघडल्या, तर चौकटीच्या आत 29.5 इंच, म्हणजे सुमारे 75 सेंटीमीटर जागा मिळते. जुळी चार महिन्यांची झाल्यावर आम्ही ऑनलाइन मागवलेली दुहेरी बाबागाडी 77 सेंटीमीटर रुंद होती. खोक्यातून ती मिटलेल्या अवस्थेत घरात आली, आम्ही ती सोप्यात उघडली, दोघांना शेजारी-शेजारी बसवून पट्टे लावले आणि उंबऱ्यापाशी आल्यावर तिची दोन्ही चाके चौकटीला अडली. बाळांना पुन्हा उचला, गाडी मिटून बाहेर कट्ट्यावर न्या, तिथे उघडा आणि मग बाळांना बसवा, हे रोज दोन वेळा करण्याजोगे नव्हते, म्हणून ती परत पाठवावी लागली. यात गाडीचा काही दोष नव्हता. मागवण्यापूर्वी आमच्यापैकी कोणीही दाराला टेप लावलेला नव्हता.

ज्यांच्या घरी जुळी आहेत किंवा दीड-दोन वर्षांच्या अंतराने पाठोपाठची भावंडे आहेत, त्यांच्यासमोर मुख्यतः दोन प्रकारच्या गाड्या असतात. पहिल्या प्रकारात दोन्ही बैठका शेजारी-शेजारी असतात, दुसऱ्यात एकीच्या मागे दुसरी. शेजारी-शेजारी बैठकांच्या बहुतेक गाड्या 74 ते 80 सेंटीमीटर रुंद असतात. मागे-पुढे बैठकांची गाडी एकेरी गाडीइतकीच, म्हणजे साधारण 55 ते 65 सेंटीमीटर रुंद असते, मात्र तिची लांबी मीटरभर किंवा त्याहून अधिक भरते. याला काही अपवादही आहेत. माउंटन बगी या न्यूझीलंडच्या कंपनीची ड्युएट ही गाडी शेजारी-शेजारी बैठकांची असूनही फक्त 63 सेंटीमीटर रुंद आहे, तर बुगाबू कंपनीची डाँकी एका बाळासाठी 60 सेंटीमीटर असते आणि दोघांसाठी रुंद केल्यावर 74 सेंटीमीटर होते. परदेशातील नातेवाइकांकडून गाडी येणार असेल, तर अशी नेमकी मापे आधी विचारून घेणे हिताचे आहे, कारण तिथल्या दारांचे माप आणि आपल्या गल्लीतील दारांचे माप सारखे नसते.

म्हणून निवडीची सुरुवात दुकानात न करता घरातच करावी. पुढचे दार, सोप्यातून माजघरात जाणारे दार, कट्ट्याच्या पायऱ्या आणि पायऱ्यांखालच्या गटारीवरची फरशी ही चार मापे लिहून घ्यावीत. चौकटीचे माप घेताना बाहेर आलेली कडी, बिजागरी आणि पूर्ण न उघडणारी फळी यांनी अडवलेली जागा वजा करावी आणि उरलेल्या मापात गाडीच्या दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन सेंटीमीटर सुटतील हे पाहावे. अन्यथा गाडी ढकलणाऱ्याच्या बोटांची सालपटे निघतात. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी लिफ्टच्या दाराचेही माप घ्यावे. लहान लिफ्टचे दार पुष्कळदा 70 सेंटीमीटरच उघडते, 80 सेंटीमीटर दार मोठ्या लिफ्टना असते. 70 सेंटीमीटरच्या दारातून शेजारी-शेजारी बैठकांची बहुतेक कोणतीही गाडी जात नाही, आणि मागे-पुढे बैठकांची लांब गाडी दारातून गेली तरी लिफ्टच्या खोलीत मावेलच असे नाही.

रुंदीचा अडसर नसेल, तर जुळ्यांसाठी मी शेजारी-शेजारी बैठकांचीच गाडी सुचवेन. जुळ्यांचे वय एक, वजन जवळपास सारखे आणि झोपेची वेळही बरीचशी एकच असते. या गाडीत दोन्ही बैठकांची पाठ सारखीच मागे जाते, दोघांनाही समोरचे सारखे दिसते आणि कोणा एकाला दुसऱ्याच्या पाठीकडे पाहत बसावे लागत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी चढवण्याचे श्रम. दोन्ही बाळांचे वजन मागच्या चाकांपासून सारख्याच अंतरावर असल्यामुळे दांडा थोडा खाली दाबला की पुढची चाके उचलली जातात. मागे-पुढे बैठकांच्या गाडीत पुढचे बाळ मागच्या चाकांपासून दूर असते आणि तो सगळा भार दांडा दाबणाऱ्याच्या मनगटांवर व पाठीवर येतो. वर्षाची दोन बाळे मिळून 18 ते 20 किलोंची होतात आणि गाडी स्वतः 12 ते 17 किलोंची असते, म्हणजे एका पायरीवरून तीस-पस्तीस किलो उचलायचे असतात. सिझेरियन होऊन काहीच महिने झालेल्या आईने हे करू नये, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला तर ते जमणारही नाही.

परतीनंतर आम्ही मागे-पुढे बैठकांची गाडी घेतली, त्यामुळे तिचे गुण आणि दोष मी जवळून पाहिले आहेत. गणपत गल्लीतून किंवा खडेबाजारातून संध्याकाळी जाताना एका बाजूला फळांचे गाडे, दुसऱ्या बाजूला लावलेल्या दुचाकी आणि मधून वाट काढणारी रिक्षा अशी स्थिती असते. तिथे शेजारी-शेजारी बैठकांची गाडी निघाली नसती, पण आमची अरुंद गाडी माणसाच्या रुंदीची वाट मिळाली तरी पुढे सरकत असे. तीच गाडी वळवताना मात्र फार जपावे लागे. लांबीमुळे गल्लीच्या कोपऱ्यावर तिला एका दमात वळता येत नसे. आधी पुढे न्यायची, मग मागची चाके उचलून सरकवायची. एकदा दाराजवळच्या गटारीवरील लोखंडी जाळीत पुढचे चाक आडवे फिरून दोन पट्ट्यांच्या मध्ये उतरले आणि घट्ट बसले. गाडी मागे ओढली तर चाक अधिकच वळत होते आणि पुढे ढकलली तर पुढच्या बाळाकडून गाडी झुकत होती. शेवटी सासूबाईंनी एक बाळ, शेजारच्या काकूंनी दुसरे बाळ उचलले आणि मग मी खाली बसून चाक मोकळे केले. त्या दिवसापासून जाळी दिसली की मी गाडी तिरकी न नेता पट्ट्यांना काटकोनात, पुढची चाके किंचित उचलून नेऊ लागले.

या अनुभवामुळे चाकांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या गाड्यांची चाके सुमारे 15 सेंटीमीटर व्यासाची आणि टणक असतात. व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारातील झाडांच्या सावलीत किंवा टिळकवाडीतील नव्या डांबरी रस्त्यावर ती उत्तम चालतात. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर, मुरमाच्या रस्त्यावर आणि मृग लागल्यानंतरच्या लाल चिखलात ती अडतात, आणि चिखल आसात जाऊन वाळला की करकरू लागतात. खानापूर तालुक्यातील गावांत राहणाऱ्यांनी किंवा सुट्टीला तिकडे जाणाऱ्यांनी 25 ते 30 सेंटीमीटरची मोठी चाके असलेली गाडी पाहावी. हवेची चाके धक्के उत्तम शोषतात, परंतु पंक्चरही होतात. चाक 12 इंची असेल तर लहान मुलांच्या सायकलची ट्यूब पुष्कळदा चालते आणि ती आपल्याकडच्या सायकलच्या दुकानात मिळते. ज्यांना पंपाची कटकट नको, त्यांनी भरीव फोमची चाके घ्यावीत. आकार कोणताही असला तरी पुढची चाके सरळ दिशेत कुलूपबंद करण्याची सोय असावी. खड्ड्यांच्या रस्त्यावर आणि जाळीवरून जाताना तिचा खरा उपयोग होतो.

बाळे अगदी लहान असतील, तर पाठ किती आडवी होते याकडे सर्वांत आधी पाहावे. गाड्यांसाठीच्या ईएन 1888 या युरोपीय मानकानुसार सहा महिन्यांखालील बाळासाठी बैठकीची पाठ किमान 150 अंशांपर्यंत मागे जाणे आवश्यक आहे. मागे-पुढे बैठकांच्या कित्येक गाड्यांत एकच बैठक तेवढी आडवी होते, दुसरी नाही. जुळ्यांच्या बाबतीत याचा अर्थ असा की पहिले सहा महिने त्या गाडीत प्रत्यक्षात एकच बाळ नेता येते. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांच्या आधी जन्मतात, त्यामुळे मान धरण्याचे महिने जन्मतारखेपासून मोजावेत की प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून, हे आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे. आमच्या दोघांची मान इतर बाळांपेक्षा दीड महिना उशिरा स्थिरावली आणि तोवर बसती गाडी आम्ही वापरली नाही.

पाठोपाठच्या भावंडांचे गणित निराळे असते. माझ्या धाकट्या जाऊबाई टिळकवाडीत अपार्टमेंटमध्ये राहतात आणि त्यांच्या दोन मुलांत वीस महिन्यांचे अंतर आहे. आमची दुहेरी गाडी त्यांना देऊ केली तेव्हा त्यांनी ती आठवडाभर वापरून परत केली, आणि त्यांचे कारण मला पूर्ण पटले. मोठा मुलगा पाच मिनिटे बसे, मग उतरून धावे, आणि रिकामी बैठक घेऊन लांब गाडी ढकलण्यात काही हशील नव्हते. त्यांनी चांगली एकेरी गाडी ठेवली आणि तिच्या मागे मोठ्याने उभे राहायची चाकांची फळी लावली. अशा फळीवर साधारण दोन वर्षांवरील आणि 20 किलोंपर्यंतचे मूल उभे राहू शकते. बाजारात जाताना त्या धाकटीला अंगावरच्या कॅरियरमध्ये घेतात आणि मोठ्याला गाडीत बसवतात. अंगावर घेतलेल्या बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते. दोन मुलांत दीड वर्षाहून अधिक अंतर असेल, तर दुहेरी गाडीवर पैसे खर्च करण्यापूर्वी हा मार्ग महिनाभर वापरून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अंतर त्याहून कमी असेल आणि मोठे मूल अजून दुपारी झोपत असेल, तर मागे-पुढे बैठकांची गाडी उपयोगी पडते. त्या वेळी वजनदार मूल कोणत्या बैठकीवर बसवायचे, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहून तसेच पाळावे, कारण चुकीच्या बाजूला भार गेला की अशी गाडी कलंडते. दांड्याला भाजीची पिशवी अडकवण्याचाही परिणाम तोच होतो.

तिसरा पर्याय म्हणजे छत्रीसारख्या मिटणाऱ्या दोन एकसारख्या एकेरी गाड्या घेऊन क्लिपांनी जोडणे. घरात दोन मोठी माणसे असतील तेव्हा त्या सुट्या नेता येतात, दारातून एकामागून एक जातात आणि एक मोडली तरी दुसरी राहते. जोडल्यावर मात्र त्या रुंदही होतात आणि डळमळीतही, त्यामुळे क्लिपांच्या भरवशावर कपिलेश्वर उड्डाणपुलासारखा चढ-उतार करू नये. अशा ठिकाणी गाडीच्या दांड्याची पट्टी मनगटाला बांधून ठेवणे कोणत्याही प्रकारात चांगले.

गाडी कशात घालून न्यायची, याचाही निर्णय आधीच करावा. सीएनजी केलेल्या छोट्या मोटारीच्या डिकीत सिलिंडर असल्यामुळे शेजारी-शेजारी बैठकांची पसरट घडी तिथे मावत नाही. छत्रीसारखी लांबट घडी मागच्या सीटच्या पायाशी आडवी राहू शकते. रिक्षाने किंवा बसने जाणाऱ्या आईला दोन बाळांसह एकटीने कोणतीही दुहेरी गाडी मिटता येत नाही, मग जाहिरातीत एका हाताने मिटते असे कितीही दाखवलेले असो. ज्यांचा प्रवास मुख्यतः असाच आहे, त्यांनी सोबतीला दुसरे माणूस नसेल तर दुहेरी गाडीचा आग्रह धरू नये.

वापरलेली गाडी घेण्यात गैर काही नाही, आमच्याकडे हे सर्रास चालते. बिजागऱ्या मात्र नीट तपासाव्यात. 2009 च्या नोव्हेंबरमध्ये मॅक्लारेन कंपनीने अमेरिकेत विकलेल्या सुमारे 10 लाख गाड्यांसाठी बिजागरीवर बसवायची आवरणे दिली, कारण गाडी उघडताना बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या 12 घटना नोंदवल्या गेल्या होत्या. त्यामुळे गाडी उघडताना आणि मिटताना दोन्ही मुले हातभर दूर असावीत. पट्टा दोन खांदे, कंबर आणि पायांमधला असा पाच टोकांचा असावा, ब्रेक एका पायाने दाबल्यावर मागची दोन्ही चाके अडावीत, आणि पावसाचे प्लास्टिकचे आवरण गाडीसोबतच मिळते का, हे विचारावे. उन्हाळ्यात गाडीवर पंचा किंवा साडी पांघरून सावली करण्याची सवय सोडावी. आतली हवा कोंडून तापते आणि बाळाचा चेहराही दिसत नाही.

दुकानात रिकामी गाडी सगळ्यांच्याच हाताला हलकी लागते. जाताना दहा-दहा किलोंच्या तांदळाच्या दोन पिशव्या सोबत न्याव्यात, त्या दोन्ही बैठकांत ठेवून पट्टे लावावेत आणि दुकानाच्या पायरीवरून गाडी एकदा खाली आणून पुन्हा वर न्यावी. ही चाचणी घरात जे माणूस रोज गाडी ढकलणार आहे त्यानेच करावी. आमच्या घरी ते काम सासूबाईंचे होते आणि त्या दुकानात आल्याच नव्हत्या.