उकडा तांदूळ: लालच घ्या, आणि पेज ओतून टाकू नका

कोकण-गोव्याच्या बाजारात 'उकडा', म्हणजे टरफलासकट उकडून मग गिरणीत सोललेला तांदूळ, या एकाच नावाखाली दोन वेगळे तांदूळ विकले जातात. एक लालसर, जाड, अंगावर कोंड्याचे पट्टे राहिलेला. दुसरा पिवळट पांढरा, गुळगुळीत, पूर्ण पॉलिश मारलेला. दिसायला दुसरा उजवा आणि शिजायलाही सोपा. पण थायमिनसाठी, म्हणजे जीवनसत्त्व ब१ साठी उकडा घेणार असाल, तर लालच घ्या.

थायमिन असतं ते मुख्यतः कोंड्यात आणि दाण्याच्या टोकाच्या अंकुरात. न उकडलेलं भात गिरणीत पांढरंशुभ्र केलं, की 100 ग्रॅम तांदळात जेमतेम 0.05 मिलिग्रॅम उरतं. न उकडलेल्या पण कोंडा राखलेल्या तांदळात ते 0.27 च्या आसपास असतं, आणि उकडून पॉलिश केलेल्यात 0.17 च्या. पॉलिश करूनही तिपटीहून जास्त कसं? भात टरफलासकट भिजवून वाफवलं, की पाण्याबरोबर थायमिन कोंड्यातून गाभ्यात उतरतं. आतला स्टार्च फुगून, चिकटून घट्ट होतो आणि ते तिथेच अडकतं. मग गिरणीने वरचं सोललं तरी सगळं जात नाही. लाल उकड्यात ही आतली पुंजी तर असतेच, शिवाय वरचा कोंडाही थोडाफार शाबूत असतो.

ही नुसती आकडेमोड नाही. 1905-06 साली क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात विल्यम फ्लेचर या डॉक्टरांनी रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सयामी (आजच्या थायलंडचा) पांढरा तांदूळ दिला, दुसऱ्याला हिंदुस्थानातून आलेला उकडा. पांढऱ्यावाल्यांत बेरीबेरी, म्हणजे थायमिनच्या अभावाने होणारा आजार, पसरली, माणसं दगावली. उकडेवाले जवळजवळ सगळे वाचले. तेव्हा थायमिन हे नावही जन्माला आलं नव्हतं.

माल घेताना चार-पाच दाणे ब्लेडने आडवे कापून बघा. नीट उकडलेला दाणा आतून काचेसारखा, एकसंध दिसतो. मधोमध खडूसारखा पांढरा ठिपका असेल तर वाफ गाभ्यापर्यंत पोचलेली नाही; असा दाणा गिरणीत तुटतो आणि त्याची कणीच जास्त होते. आंबूस वास आला तर भात थंड पाण्यात, पाणी न बदलता, दोन-तीन दिवस पडून होतं असं समजा. शिजवल्यावरही तो वास पुरता जात नाही. धुताना पाणी किंचित लालसर होणारच. पण दोन पाण्यांत दाणा फिका पडून खालून गुळगुळीत पांढरा तांदूळ निघाला, तर तो रंगवलेला आहे, परत करा.

थायमिन पाण्यात विरघळतं, म्हणून स्वयंपाकघरात ते सगळ्यात जास्त मोरीत जातं. पांढरा तांदूळ चोळून तीन-चारदा धुतला, की होतं-नव्हतं तेही निघून जातं. उकडा धुण्याला बराच दाद देत नाही, तरी हलक्या हाताने एक-दोनदाच धुवा. पेजेसाठी एक वाटी तांदूळ, आठ वाट्या पाणी. दोन तास भिजवून त्याच पाण्यात मंद आचेवर पाऊण तास. भात हवा असेल तर तीन वाट्या पाणी आणि कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. मोकळ्या पातेल्यात शिजवून वेळून घेत असाल तर निवळ टाकू नका, मीठ घालून प्या. सोडा अजिबात नको: क्षारात थायमिन भराभर नष्ट होतं. कडधान्यं लवकर शिजावीत म्हणून चिमूटभर टाकतात, तिथेही हेच नुकसान.

आता याची मर्यादा. दिवसाला दीडशे ग्रॅम पॉलिश केलेला उकडा खाल्ला तरी मिळतं पाव मिलिग्रॅम, तेही शिजवण्याआधीच्या हिशेबाने. प्रौढ माणसाची गरज सव्वा ते दीड मिलिग्रॅमची. बाकीचं कुळीथ, मूग, शेंगदाणे, तीळ आणि खाणाऱ्यांसाठी डुकराचं मांस यांतून यायला हवं. पेजेबरोबर कुळथाची पिठी ही जोडी म्हणूनच फार मोलाची. जेवणाला लागून चहा मात्र टाळा, त्यातलं टॅनिन थायमिनच्या आड येतं. रेशनच्या पोषणयुक्त तांदळावरही या बाबतीत विसंबू नका: त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब१२ घातलेलं असतं, ब१ नव्हे.

रोजचं मद्यपान असेल किंवा आठवडेच्या आठवडे उलट्या होत असतील, आणि पायांना मुंग्या, पोटऱ्यांत दुखरेपणा, सूज किंवा धाप सुरू झाली असेल, तर तांदूळ बदलून भागणार नाही. ही थायमिन फार कमी पडल्याची खूण असू शकते, आणि शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लाल उकडा एका वेळी महिना-दोन महिन्यांपुरताच भरा. कोंड्यातलं तेल पावसाळी दमट हवेत लवकर खवट होतं आणि सोंडेही आधी यालाच लागतात. डबा कोरडा, घट्ट झाकणाचा हवा. उघडल्यावर जुन्या शेंगदाण्यांसारखा वास आला, तर तो तांदूळ संपवायच्या मागे लागू नका.