ट्रेलरच्या जॅकचा वाकलेला तळवा बदलला, त्याला आठ महिने झाले

चूक सर्वस्वी माझी. मार्चमध्ये टेक्सासमधल्या अमारिलोजवळच्या पालो ड्युरो कॅन्यन या दरीतल्या कॅम्पहून निघताना आमचा राहण्याचा ट्रेलर पिकअपला जोडला, पुढचा जॅक अर्धा वर घेतला आणि तेवढ्यात फोन वाजला. उरलेला अर्धा तसाच राहिला. कॅम्पातून बाहेर पडताना रस्त्यात पाणी वाहून जायला एक खोलगट पट्टी आहे. तिथे खर्रर्र असा आवाज झाला आणि बायको म्हणाली, "काहीतरी घासलं." उतरून बघतो तर जॅकच्या तळाची लोखंडी चकती तव्यावर कडा उचललेल्या पापडासारखी वाकली होती. कॅन्यनमधून वर येणारा रस्ता १० टक्के चढाचा आहे, आणि त्या चढावर माझं सगळं लक्ष मागच्या आवाजाकडे होतं.

ज्यांनी ट्रेलर वापरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैल सोडले की गाडीच्या जूखाली टेकू देतात ना, तेच काम हा जॅक करतो. पिकअपपासून सोडलेल्या ट्रेलरचं नाक त्याच्यावर टेकतं आणि पुढची-मागची पातळीही त्यानेच साधतात. चार कोपऱ्यांना जे छोटे जॅक असतात ते फक्त हलणं थांबवायला आहेत. त्यांनी ट्रेलर उचलायला जाऊ नका, चौकट वाकते. डाव्या-उजव्या बाजूचा फरक चाकाखाली ठोकळे घालून काढायचा, तोही पिकअप सोडण्याआधी.

घरी आल्यावर एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याचं मत, अख्खा जॅकच बदला. त्या खर्चात दुसरी एक सहल झाली असती. मी आधी ट्रेलर पाणसळीने सरळ केला, दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला आणि जॅकच्या नळीला लावून पाहिला. नळी सरळ होती. वर-खाली करताना मोटरचा आवाजही कुठे दबत नव्हता. म्हणजे दुखणं फक्त तळव्याचं. नवा तळवा ५० डॉलरच्या आत मिळाला, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्यांदा मी माहितीपत्रकात 'सव्वादोन इंच' वाचून त्या मापाचा मागवला. ते माप बाहेरच्या नळीचं निघालं. तळवा बसतो आत सरकणाऱ्या नळीवर आणि ती आहे २ इंचांची. व्हर्नियर लावून मोजलं असतं तर एक आठवडा वाचला असता.

बदलण्याचं काम खरं तर २० मिनिटांचं. ट्रेलर पिकअपला जोडूनच ठेवायचा, चाकांना चॉक म्हणजे पाचरी लावायच्या आणि मग जॅक वर घ्यायचा. असं केलं की जॅकवर भारच राहत नाही. नाक नुसत्या ठोकळ्यावर ठेवून खाली हात घालण्याचा उद्योग कुणी करू नये. माझे दोन तास गेले ते जुना तळवा सुटेना म्हणून. पिन गंजून भोकात बसली होती. रात्रभर पीबी ब्लास्टर, म्हणजे गंज सोडवणारं तेल, मारून ठेवलं, सकाळी पंच लावून हातोडीचे घाव घातले तेव्हा हलली. नळीच्या तोंडाला आलेली बारीक धार कानशीने काढली, थोडं ग्रीस लावलं आणि नवा तळवा सरकन बसला.

जुनी चकती ५ इंच चौरस होती, नवी ९ इंचांची घेतली. माझ्या ट्रेलरचं वजन सामानासकट ६,००० पौंडांच्या आसपास, त्यातलं नाकावर ७०० पौंड. जुन्या चकतीखाली दर चौरस इंचाला २८ पौंड पडत होते, आता ९ देखील पडत नाहीत. शिवाय नाकावरचा भार पिकअपच्या पुढच्या चाकांवरही वाटणाऱ्या दांड्या अडकवताना जॅक पिकअपचा मागचा भागही उचलतो, तेव्हा तर हा आकडा कितीतरी वर जातो.

याचा खरा पडताळा मे महिन्यात आला. माझे वडील परभणीहून आले होते, त्यांना घेऊन एका तळ्याकाठी गेलो. आदल्या रात्री पाऊस झालेला. डॅलसपासून वॅको, ऑस्टिनवरून सॅन अँटोनिओकडे जो काळ्या मातीचा पट्टा जातो, ती माती आपल्या मराठवाड्यातल्या कापसाच्या मातीची सख्खी बहीण. शास्त्रीय वर्गीकरणातही दोन्ही व्हर्टिसोल. पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. जॅक खाली घेत होतो तर अण्णा काठी टेकत जवळ आले.

"अरे, चिखलात टेकू देतोयस, खाली फळी नको का?"

"अण्णा, नवा तळवा मोठा आहे, बघू तर खरं."

"बघ बाबा. आमची गाडी असती तर बघत बसलो नसतो."

सकाळी मोजलं, तळवा अर्धा इंच रुतला होता. मागच्या वर्षी अशाच ओल्या जागेवर जुनी चकती दोन इंच आत गेली होती आणि उपसताना चिखलासकट वर आली होती. म्हणजे फरक आहेच. पण अण्णांचंही खरं. अर्ध्या इंचाने बायकोच्या तव्यावरचं तेल थालीपिठाच्या एकाच बाजूला जमायला लागलं. माझ्या पाणसळीपेक्षा तो तवा जास्त चोख आहे. आमचा फ्रिज जुन्या पद्धतीचा, गॅसवर चालणारा, तो तिरका राहिला तर नीट गार करत नाही आणि बराच काळ तसाच चालवला तर बिघडतोही. तेव्हापासून फळी असतेच.

ऑगस्टमध्ये एका मित्राच्या घरासमोर डांबरावर ट्रेलर उभा केला, बाहेर १०० फॅरनहाइटच्या वर. तिथेही फळी घातली, कारण अशा उन्हात डांबर मऊ होतं आणि लोखंडाचा छाप कायमचा उठतो. मित्र मोठ्या मनाचा आहे, पण इतकाही नाही. ऑक्टोबरमध्ये टेक्सासमधल्याच कॅप्रॉक कॅन्यन्स उद्यानात खडीवर तळव्याने काहीच कुरकुर केली नाही. तिथे बायसन, म्हणजे अमेरिकन गवे, मोकळे फिरतात, त्यांच्यामुळेच आमचं निघणं तासभर लांबलं.

आता तक्रारी. तळवा मोठा झाल्यामुळे प्रवासात तो जुन्यापेक्षा दोन इंच खाली लोंबतो. ज्या कारणाने जुना वाकला तेच कारण आणखी बळावलं. म्हणून मी प्रत्येक वेळी पिन काढून तळवा सुटा करतो आणि पिकअपच्या मागे टाकतो. हात दर वेळी ग्रीसने भरतात, त्यामुळे तिथे एक जुनं फडकं कायमचं राहायला आलं आहे. सोबत आलेल्या पिनेची क्लिप दुसऱ्याच सहलीत कुठेतरी पडली. हार्डवेअरच्या दुकानातून जाड क्लिप आणली आणि ती वायरच्या तुकड्याने पिनेलाच बांधून टाकली. भोक पिनेपेक्षा किंचित सैल असल्याने तळवा खडखडतो. मुलाच्या सायकलच्या फुटक्या ट्यूबचा एक रुंद कडं कापून नळीवर चढवलं, आवाज बंद.

जस्ताचा मुलामा म्हणाल तर वरवरचा. चकतीवर अजून टिकून आहे, पण पिनेच्या भोकाभोवती जुलैतच तांबूस गंज दिसायला लागला. तारेच्या ब्रशने घासून जस्ताचा स्प्रे मारला आहे. या हिवाळ्यात गंज पुन्हा फुटला तर तळवा तोच ठेवून भोकात बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बसवून घेईन.